फणसाच्या पोटातली आढी

दुसऱ्या बाईच्या घरात, ती परगावी गेलेली असताना, तिच्या अंथरुणावर मी आंब्यांची आढी लावली. एक थर पेंढ्याचा, एक आंब्यांचा, परत पेंढा, परत आंबे. वरून गोणपाटं टाकली. ऊब राहावी म्हणून खिडक्या गच्च लावून घेतल्या, दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचून पडवीत येऊन बसले. जगात आपल्याइतकी हुशार बाई नाही, असा चेहरा करून. तेव्हा मी काही परकरी पोर नव्हते. पन्नाशी उलटलेली, सून शोधत फिरणारी बाई होते. अक्कल यायचीच असती तर तोवर यायला हरकत नव्हती.

ते घर चाकांवर होतं, आणि ती बाई माझी नणंद होती.

हे मी आजवर कुणाला धड सांगितलं नाही. सांगितलं ते अर्धं, तेही लोकांना हसवण्यापुरतं. पण गेल्या महिन्यात नात सुट्टीला आली आणि तिने मला फोनवर एक चित्र दाखवलं.

मला जुन्या मोटारहोम गाड्यांचं वेड आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजच्या त्या चकचकीत, फ्रिजसारख्या दिसणाऱ्या नव्हेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुणा तऱ्हेवाईकाने डोकं लढवून बनवलेल्या. एकीच्या मागच्या भिंतीतून पलंग कपाटाच्या खणासारखा बाहेर येतो. एकीच्या टपावर चक्क सज्जा आहे, कठड्यासकट. एक तर समोरून बघावी तर ताजं पापलेट. नात चित्रं काढून देते आणि मी चष्मा लावून दोष काढते.

"हिने शेगडी दारापाशी ठेवलीय. वारा आला की विझली."

"आजी, ही गाडी जर्मनीत आहे."

"मग? जर्मनीत वारा नसतो?"

तर त्या दिवशी ती म्हणाली, "आजी, ही बघ! ही तर अगदी फणस दिसतेय."

बघितलं, आणि कपातला चहा बशीत आला. कच्च्या फणसाचा हिरवा रंग, पोट सुटलेलं, अंगभर टोकदार रिबिटांचे काटे. खाली कुणा हौशी माणसाने लिहिलं होतं की गाडी फार दुर्मिळ आहे, अशा मोजक्याच बनल्या, आणि ही त्याने भंगारात जाण्यापासून वाचवली. आतलं लाकूडकाम कोकणातल्या होड्या बांधणाऱ्या सुतारांचं आहे. फक्त वर उचलायचं छत उचललं जात नाही. त्याचं मूळ कापड कशाने गेलं ते काही कळत नाही.

"किती वाईट ना! कशाने गेलं असेल गं?"

"उंदरांनी."

"तुला काय माहीत?"

"मीच बोलावले होते."

ती खळखळून हसली. तिला वाटलं, आजीचा नेहमीचा चावटपणा. मीही हसले. पण रात्री हे लिहायला बसले.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या. दापोलीला शाळेत शिकवायच्या. लग्न केलं नाही. का केलं नाही ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्ही त्यांना विचारायचं सोडून त्यांच्यामागे आपापसांतच काय ते बोललो. बाई उंच, चांगली ताडमाड. आमच्या घराच्या चौकटी बुटक्या, तेव्हा ज्या घरात जन्मल्या त्याच घरात त्या जन्मभर वाकून वावरल्या. दापोलीला आधी शाळेची खोली होती, मग एकांच्या माडीवर भाड्याने राहिल्या. तिथे कौलं इतकी खाली उतरलेली की खोलीच्या बरोबर मध्यावर उभं राहिलं तरच मान सरळ होई. वेणीसुद्धा तिथेच उभ्या राहून घालायच्या.

मे महिन्यात आणि दिवाळीत एसटीने रत्नागिरीला यायच्या. यायच्या म्हणजे माहेरीच की. पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभ्या राहून विचारायच्या, "वहिनी, साखरेचा डबा उघडू का?"

"अहो वन्सं, घर तुमचंच आहे," मी म्हणायची. ते ज्या सुरात म्हणायची तो सूर इथे कागदावर उतरत नाही, हे माझं नशीब. त्या थांबायच्या. मी "उघडा" म्हटल्याशिवाय हात लावायच्या नाहीत. आणि त्यांची पाठ वळली की मी शेजारणींना नक्कल करून दाखवायची: वाकायची, पदर सावरायची, आणि मांजराला विचारायची, "मनीताई, या पाटावर बसू का?" शेजारणी पोट धरून हसायच्या. फार लोकप्रिय होते मी.

ती गाडी त्यांना दापोलीतच सापडली. कुणी परदेशी जोडपं फार पूर्वी ती घेऊन गोव्याकडे निघालं होतं म्हणे. वाटेत इंजिनाने राम म्हटला, आणि ते गाडी तिथेच एका गॅरेजवाल्याला देऊन पुढे गेले. गॅरेजवाल्याने तिच्यात कोंबड्या पाळल्या. वन्सं पंचवीसेक वर्षं शाळेत जाता-येता ती बघत होत्या. निवृत्त झाल्या त्या आठवड्यात जाऊन त्यांनी ती विकत घेतली. कोंबड्या हाकलल्या, जुन्या जीपचं इंजिन बसवून घेतलं, आणि आतलं सगळं कुजलेलं काढून, गाडी हर्ण्याला नेली. तिथे होड्या बांधणाऱ्या सुतारांनी आतून फळ्या बसवल्या, होडीला बसवतात तशाच, फटींत तेलात भिजवलेला कापूस ठासून. अठ्ठावन्नाव्या वर्षी वन्सं गाडी चालवायला शिकल्या. आणि एप्रिलच्या एका सकाळी आमच्या दगडी गडग्याबाहेर हॉर्न वाजला.

मी बाहेर आले, बघितलं, आणि पहिलं वाक्य बोलले ते असं: "वन्सं, या फणसाला हळदीकुंकवाला बोलवायचं की भाजीला चिरायचा?"

सगळे हसले. वन्संही हसल्या. त्या दिवसापासून आळीत त्या गाडीचं नाव फणसच पडलं.

पण त्यांनी आत नेऊन दाखवलं ते सांगते. दाराशी एक हँडल होतं. ते फिरवलं की टप सावकाश वर जायचा आणि चहूबाजूंनी पट्ट्यापट्ट्यांचं जाड कापड उलगडायचं, पेटीच्या भात्यासारखं. निळी पट्टी, पांढरी पट्टी. वर वर वर, हातभर वर. वन्सं मधोमध उभ्या राहिल्या, चपला काढून, ताठ. मग दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे चालल्या. डोकं कुठेच लागलं नाही.

"बघा वहिनी," त्या म्हणाल्या, "इथे सगळीकडे उभं राहता येतं."

एवढंच म्हणाल्या. आता शाळेच्या मैत्रिणीच्या बागेत गाडी लावणार, हवं तेव्हा समुद्रावर नेणार आणि इथेच राहणार, असा त्यांचा बेत होता. यांनी विचारलं, "पावसाळ्यात गं?" तर म्हणाल्या, "पावसाळ्यातसुद्धा. माझं घर आहे हे."

मी त्या वेळी काय म्हटलं? "बरं झालं, कोंबड्यांना सवय होतीच."

त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. माझ्या मोठ्या मुलाने मुंबईत ऑपरेशनचं ठरवलं होतं. तेवढे दिवस गाडी आमच्या आंब्याच्या कलमांखाली राहणार होती. जाताना त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. "रोज दुपारी खिडक्या उघडत जा वहिनी, लाकूड नवीन आहे, त्याला वारा हवा. आणि आत काही ठेवू नका हं." शेवटचं वाक्य इतकं संकोचून म्हणाल्या की जणू माझ्याचकडे काही मागत होत्या.

पहिले काही दिवस मी खिडक्या उघडल्या, नेमाने. आणि आता जे लिहिते आहे ते नातीलाही सांगितलेलं नाही. एके दुपारी, घर झोपलेलं असताना, मी हँडल फिरवलं. छत वर गेलं. निळ्या पट्टीतून निळा उजेड आला, पांढरीतून पांढरा. मी वन्संच्या अंथरुणावर आडवी झाले. अंथरुणावर गोधडी होती ती सासूबाईंच्या लुगड्यांची, वन्संना आईची म्हणून मिळालेली तेवढी एक वस्तू. बाहेर कोकीळ ओरडत होता. कुणी मला हाक मारत नव्हतं. चहा टाका, पाहुणे आलेत, गडी जेवायला बसलेत, काही नाही. बोटभर लांबीच्या कड्या, हातात मावेल एवढं कपाट, बाहेर सरकणारी शेगडी. सगळं एका माणसापुरतं, आणि सगळं त्या एका माणसाच्या मनासारखं. त्या दुपारी मी त्या गाडीच्या प्रेमात पडले. आज फोनवर जे शोधत असते ते तेच.

आणि प्रेमात पडल्याबरोबर मला राग आला. हिला ना नवरा ना पोर, आणि हिला हे? मी तीस वर्षं या घरात राबले, मला उताणं पडायला एवढीशी जागा कुणी दिली? उठले, छत खाली केलं, अंथरूण होतं तसं नीट केलं. दुसऱ्या दिवसापासून खिडक्या उघडायला गेले नाही. विसरले, असं मी यांना सांगितलं.

त्या वर्षी आंबा भरमसाट आला. जाळी बांधलेल्या झेल्याने काढून काढून गड्यांचे हात भरून आले. आंब्याची खोली भरली, माडी भरली. त्यात माझ्या माहेरची माणसं येणार होती, भाऊ-भावजया, भाचरं. त्यांना झोपायला माडी हवी. मग माडीवरची आढी न्यायची कुठे? मी पडवीत उभी राहून बागेकडे बघितलं. बंद जागा, उबदार, लाकडी तळ, किल्ली माझ्याकडे. आता हे लिहिताना तरी खरं लिहावं: जागा नव्हती असं नाही. गोठ्याचा माळा होता. तिथे नेताना चार पावलं जास्त पडली असती, इतकंच.

यांनी विचारलं, "अगो, तिला विचारलंस का?"

"गाडी तर आहे! गाडीत माल नाही ठेवायचा तर काय ठेवायचं?"

"घर म्हणाली होती ती."

"चाकं लावलेलं घर कुठे असतं?" मी म्हटलं, आणि पेंढ्याचा भारा उचलला. बहिणीच्या बाबतीत हे नेहमीच गप्प बसत, आणि त्यावरच माझं फावत असे.

गोधडी मी बाजूला काढलीसुद्धा नाही. म्हटलं, पेंढा आहे की वर.

माहेरची माणसं आली. मी त्यांना बागेत नेऊन बंद काचेतून दाखवलं, "आमच्याकडे फणसाला आंबे लागतात बरं!" हशा. मग रोज आमरस, रोज कुणाचं तरी येणं-जाणं, गणपतीपुळ्याला एक फेरी. आढी दोन-चार दिवसांनी चाळायची असते, पिकलेला आंबा वेगळा करायचा असतो, नासका फेकायचा असतो, हे कोकणातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी एकदाही दार उघडलं नाही. मे महिन्यातला पत्रा, वर ऊन, आत बंद खिडक्या. भट्टीच ती.

वन्सं ठरल्यापेक्षा आधी आल्या. मुलाने रेल्वेत बसवून दिलं, हे रिक्षा घेऊन आणायला गेले. डोळ्यांवर काळा चष्मा. डॉक्टरांनी सांगितलं होतं, वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही. त्या घरासमोरच्या खळ्यात उभ्या राहिल्या आणि घरात न येता तशाच थांबल्या.

"वहिनी, वास कसला येतोय?"

"आंब्याचा हो. मे महिना ना."

"नाही. नासल्याचा येतोय."

त्या गडग्यावर एक हात ठेवून, चाचपत, बागेकडे निघाल्या. मी पुढे धावले नाही. किल्ली कनवटीला होती, ती काढायला मला इतका वेळ लागला की यांनी ती जवळजवळ हिसकावूनच घेतली. दार उघडल्याबरोबर चिलटांचा लोट बाहेर आला. वन्संनी आत हात घातला, अंथरुणाच्या जागी. हात मनगटापर्यंत रसात गेला. बोटांना गोधडीचा काठ लागला असावा, कारण त्यांनी तो दोन बोटांत धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.

मी बोलत होते. जागा नव्हती, माणसं होती, मला वाटलं चारच दिवस, तुम्ही लवकर आलात. शेवटचं वाक्य तर मी चक्क तक्रारीच्या सुरात म्हटलं.

मग दोन दिवस धुणं. मी आणि हे. घमेल्यांनी नासके आंबे काढले. रस फटींतल्या कापसात मुरला होता, हुमल्या मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या, नखाने कापूस खरवडून काढावा लागला. गोधडी तीनदा उकळली, तरी पिवळा डाग राहिला तो राहिलाच. वन्सं कलमाखाली खुर्चीवर बसून असायच्या. वाकायची मनाई, रडायचीही मनाईच म्हणायची. तोंड आमच्याकडे, काळा चष्मा आमच्याकडे. त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने फरशी घासली असती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या म्हणाल्या, "दादा, छत उचल बरं."

यांनी हँडल फिरवलं. टप वीतभर वर गेला आणि टर्रकन आवाज झाला. पेंढ्याच्या वासाने उंदीर आले होते. आंब्यांवर ताव मारून झाल्यावर त्यांना बाळंतपणाला मऊ जागा हवी होती, आणि घडी घालून ठेवलेल्या त्या भात्याइतकी मऊ जागा कुठली? कापडाच्या चिंध्या लोंबल्या, निळ्या आणि पांढऱ्या. मी खालीच उभी होते, पदर पसरून, का कोण जाणे. त्यात उंदराची चार गुलाबी पिल्लं पडली. टप, टप, टप, टप. ओटी भरल्यासारखी.

"किती वर आलं?" खुर्चीवरून वन्संनी विचारलं.

हे म्हणाले, "आलं थोडं."

"मी उभी राहू शकेन?"

मी पदरातल्या पिल्लांकडे बघत होते. यांनी हँडल उलटं फिरवलं. टप खाली बसला. तेवढं उत्तर त्यांना ऐकू आलं.

हर्ण्याहून सुतार येऊन बघून गेला. लाकूड सावरेल म्हणाला, कापूस नवा भरू. भात्याचं कापड मात्र मेण चढवलेलं, परदेशी, इथे न मिळणारं. शिडाचं कापड लावून बघितलं ते घडीच होईना, टप नीट बसेना, आणि पावसाळा तोंडावर. शेवटी त्याने चहूबाजूंनी टप कायमचा ठोकून टाकला. पुढे वन्सं त्या गाडीत राहिल्याच. सात-आठ वर्षं, मैत्रिणीच्या बागेत, शेवटपर्यंत. मी तिथे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्या दारातून वाकून बाहेर आल्या, आणि आत चला असं म्हणाल्या नाहीत. मीही विचारलं नाही. त्यांच्यामागे गाडी कुणाकुणाच्या हातांतून त्या हौशी माणसाकडे पोचली असेल. त्याला कळवायला हवं, कापड कशाने गेलं ते. नात लिहून देईल. अजून तिला सांगितलेलं नाही.

पण मला लिहायचं होतं ते त्या निघाल्या त्या सकाळचं. दापोलीहून एक ड्रायव्हर आला होता. गाडी धुऊन, ठोकून, पुसून उभी होती, तरी तिला वास होता. वन्संनी पिशवी आत ठेवली आणि आत शिरताना सवयीने ताठ झाल्या. डोकं टपाला लागलं. फार जोरात नाही. त्यांनी कपाळावर हात ठेवला, मग वाकून आत गेल्या आणि खिडकीशी बसल्या.

माझ्याने बघवेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी आंब्याच्या खोलीत धावले आणि निवडक आंब्यांची एक पेटी भरून आणली. हो, आंब्यांचीच. त्या क्षणी मला दुसरं काही सुचलं नाही, इतकी मी हुशार. पेटी खिडकीशी धरली आणि म्हटलं, "वन्सं, वाटेत खायला. आत ठेवू का?"

माझ्या तोंडून "ठेवू का" गेलं आणि त्यांनी चष्मा काढला. डॉक्टरांनी नको सांगितलेलं असताना. नवे, स्वच्छ डोळे, थोडे लाल. माझ्याकडे बघितलं, बहुधा पहिल्यांदाच इतकं नीट दिसत होते मी त्यांना. आवाज चढवला नाही. शाळेत कच्च्या पोराला परत एकदा विचारतात तसं विचारलं:

"वहिनी, इतकी वर्षं मी या घरात येते. तुम्हाला न विचारता मी कधी साखरेचा डबा तरी उघडला होता का हो?"